हायड्रंटचं पाणी ‘पडून’ नसतं

रस्त्यावरच्या हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायला ठेवलेल्या नळाचं, पाणी पडूनच असतं, टँकरला भरू द्या, असं इथे कुणीतरी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येतं, एरवी त्या पाइपात दाबच नसतो. म्हणून तर बंबामागे पाण्याचे टँकर धावतात. जो काही दाब मिळतो तो आगीसाठीच राहायला हवा.

आणि इमारतीतल्या हायड्रंटबद्दल कुणीच बोललं नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार ती यंत्रणा चालू ठेवणं मालकाची, म्हणजे सोसायटीचीच जबाबदारी. दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आमच्या सोसायटीत हायड्रंटच्याच होजने (पाइपने) रोज गाड्या धुवायचे. तपासणीच्या दिवशी नोझल गायब, व्हॉल्व्ह गळका. चौदाव्या मजल्यावर माझी आई दिवसभर एकटी असते हो!