डिझेल वाचवायला ड्रायव्हरांना शिकवताना सुरुवात कुठून करावी?

ताफा_प्रमुख: आमच्या ट्रकांवरच्या ड्रायव्हरांसाठी प्रशिक्षण ठरवायचं आहे, म्हणजे डिझेलही वाचेल आणि धूरही कमी होईल. वर्गात बसवून सांगितलं की थोडे दिवस अ‍ॅव्हरेज सुधारतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. काही जण तर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात आणि त्यालाच बचत समजतात. गाडीत बसून नेमकं काय शिकवायचं? फरक मोजायचा कसा?

गिअर_आणि_ग्रीस: न्यूट्रल आधी बंद करा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजेक्टर डिझेल सोडत नाहीत, चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाच्या, जवळ आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला सतत डिझेल जळतं. शिवाय गिअरमधलं इंजिन गाडीला जो रोध देतं तो हातचा जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक पकडत नाहीत. हे तोंडी सांगून पटत नाही. डॅशबोर्डवर त्या क्षणाचा खप दिसत असेल, तर गिअरमध्ये पाय काढल्यावर आकडा शून्यावर येतो तो ड्रायव्हरला स्वतः पाहू द्या.

मग नजर. ब्रेक मारला की आधी डिझेल जाळून कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. म्हणून ड्रायव्हरला पुढचं दिसेल ते मोठ्याने बोलायला लावा: ‘सिग्नल लाल, पाय काढला’, ‘पुढची बस थांबतेय, अंतर वाढवलं’. बोलता बोलता पाय आपोआप लवकर सुटायला लागतो. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातला हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे.

गिअर आरपीएमच्या हिरव्या पट्ट्यात बदलायचे. मात्र भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हत ठेवू नका. त्याने काजळी वाढते आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो.

मोजमाप_आधी: पहिली फेरी काहीही न शिकवता, शेजारी गप्प बसून करा. दुसरी शिकवून, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालासह, शक्यतो त्याच वेळेला. दोन्हींचं डिझेल आणि वेळ लिहा. ‘हळू चालवलं तर उशीर होईल’ ही भीती वेळेचे आकडे समोर ठेवल्यावरच जाते.

टाकी फुल ते फुल मोजत असाल तर पंप तोच, गाडी सपाट जागी आणि नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं. भरण्यात २ लिटरची चूक झाली तर २० लिटरच्या फेरीत ती १० टक्के होते, २०० लिटरमध्ये फक्त १ टक्का. म्हणून छोट्या फेरीला गाडीचा स्वतःचा खपाचा आकडा वापरा. कार्बनचा हिशोब सोपा: १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, म्हणून वजन वाढतं.

ड्रायव्हरांची एकमेकांशी तुलना करू नका. माल आणि रस्ता वेगळा असला तर ती अन्यायाची ठरते. ज्याची त्याची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्यांशी करा.

ताफा_प्रमुख: उभ्या गाडीचं काय? टर्बो खराब होईल म्हणून कुणी इंजिन बंदच करत नाही.

गिअर_आणि_ग्रीस: भरल्या गाडीने घाट चढून लगेच थांबलात तर १-२ मिनिटं आयडल ठेवा, टर्बोचं बेअरिंग थंड होतं. नेहमीच्या थांब्याला त्याची गरज नाही. गाडी पार्क करा, हँडब्रेक लावा आणि बंद करा. अपवाद एकच: डीपीएफची सफाई (साठलेली काजळी जाळणं) चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्या. अर्धवट सोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि जादा डिझेल जातं.

मोजमाप_आधी: आणि सवय मोडू नये म्हणून दर आठवड्याला एकच गोष्ट घ्या: या आठवड्यात फक्त आयडलिंग, पुढच्या आठवड्यात फक्त जोराचे ब्रेक. ट्रॅकिंगचे आकडे ड्रायव्हरला स्वतः दाखवा. महिन्याभराने पुन्हा शेजारी बसा. एखाद्याचं अ‍ॅव्हरेज तरीही सुधारलं नाही, तर त्याला बोलण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. फेरीनंतर एखाद्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटलेला असू शकतो.