वाढत्या वयाच्या बोआला किती दिवसांनी खायला द्यावे?

तापीकाठ (भुसावळ):
नमस्कार. आमच्याकडे बोआ जातीच्या सापाची मादी आहे, तिची केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणीही झालेली आहे. वय ९ वर्षे, लांबी सुमारे ६ फूट, वजन साडेपाच किलो. पिल्लू असल्यापासून तिला दर १० दिवसांनी खायला देण्याचा शिरस्ता पडला आणि तो आजतागायत तसाच चालू आहे. फरक इतकाच की पूर्वी छोटी उंदरे देत असू, आता ३०० ग्रॅमच्या आसपासचा मोठा पांढरा उंदीर देतो. समोर आलेला घास ती कधीच नाकारत नाही, त्यामुळे घरच्यांच्या मते तिला भूक लागलेलीच असते. वयानुसार हे अंतर वाढवावे का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो आणि जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो, त्याचाही विचार करावा का?

सातपुडा_वाटसरू (शहादा):
अंतर वाढवायलाच हवे, भाऊ. बोआ हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. पुढची शिकार कधी मिळेल याची जंगलात शाश्वती नसल्यामुळे समोर येईल ते गिळणे हा त्याचा स्वभावच असतो, म्हणून घास न नाकारण्यावरून भुकेचा अंदाज बांधू नये. पहिल्या वर्षात वाढ झपाट्याने होते, तेव्हा १० ते १४ दिवसांचे अंतर योग्य ठरते. पुढे तीन-चार वर्षांचा होईपर्यंत दोन ते तीन आठवडे, आणि वाढ मंदावल्यावर चार ते सहा आठवडे. तुमच्या मादीला हाच उंदीर चार आठवड्यांनी एकदा दिला तरी पुष्कळ झाला.

केवळ वजनावर मात्र विसंबू नका. पाठीवरून हात फिरवा: कणा बोटांना जाणवला पाहिजे, पण वर आलेला दिसता कामा नये. वेटोळे घातल्यावर खवल्यांच्या मधली कातडी ताणलेली दिसत असेल किंवा शेपटीच्या मुळाशी चरबीचे फुगवटे आले असतील, तर समजावे की खाणे जास्त होत आहे. ही चरबी पुढे यकृताला त्रास देते.

धुळेकर:
वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त तापमानाविषयी लिहितो, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथेच येते. सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ अंश मिळत असेल, तरच घास नीट पचतो. हिवाळ्यात रात्री वीज गेली आणि हीटिंग पॅड तासन्‌तास बंद राहिले, तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. असे झाल्यास दोन आठवडे काहीही देऊ नये आणि त्यानंतरचा घास नेहमीपेक्षा बराच लहान असावा. भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच खायला देण्याचा दिवस ठरवलेला बरा! मे महिन्यात पत्र्याखालची खोली टाळावी, पाण्याचे भांडे एवढे मोठे ठेवावे की तिला त्यात बसता येईल, आणि थंड टोकही तापलेले असेल तर तो आठवडा सरळ सोडून द्यावा. निरोगी प्रौढ बोआचे त्यात काहीही बिघडत नाही.

पशुवैद्य_जळगाव:
दोन गोष्टी जोडते. चांगली निगा राखल्यास बोआ २० ते ३० वर्षे जगतो, त्यामुळे तुमची मादी अजून म्हातारी झालेली नाही. पंधरा वर्षांच्या पुढे अंतराबरोबर घासाचा आकारही कमी करावा, कारण मोठ्या घासाचा ताण वयस्कर मूत्रपिंडांवर पडतो. त्या वयात नियमित खाऊनही कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू खंगू लागले, तर खाणे वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी.

दुसरे म्हणजे, केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात पकडलेले उंदीर कधीही देऊ नका. त्यांच्या पोटात झिंक फॉस्फाइडसारखे विष असू शकते, आणि परजीवी तर असतातच.

तापीकाठ (भुसावळ):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेपटीच्या मुळाशी फुगवटे आहेत, त्यामुळे यापुढे चार आठवड्यांचे अंतर ठेवतो. सध्या तिचे डोळे निळसर झाले आहेत. ठरलेला दिवस याच काळात आला तर काय करावे?

सातपुडा_वाटसरू (शहादा):
पूर्ण कात टाकेपर्यंत थांबा. या दिवसांत तिला नीट दिसत नाही आणि ती चिडचिडी असते. कात पडल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या, आणि नंतरचे ४८ तास तिला हाताळू नका.