मुलांच्या शिक्षणाचा पैसा: बारशापासून साठवायचा, की वेळ आली की कर्ज काढायचं?

हिशेबनीस

परवा ऑफिसात एकाने पेढे वाटले. मुलाला पुण्यात खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. पेढा तोंडात घालतोय तोवर त्याने विचारलं, "शैक्षणिक कर्ज कितीला पडतंय रे सध्या?" मग खोक्याच्या झाकणावरच आम्ही दोघांनी हिशेब मांडला.

चार वर्षांत १० लाख, म्हणजे दर वर्षी अडीच. व्याज १० टक्के धरलं. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण सरळ व्याज चढत राहतं. ते साडेतीन लाख होतं. म्हणजे पोरगा पहिला हप्ता भरेल तेव्हा त्याच्या डोक्यावर साडेतेरा लाख. दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला १७,८४० रुपये आणि एकूण २१ लाख ४० हजार. तोवर पोरगा तेहेतीस वर्षांचा.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. बारसं झालं त्या महिन्यापासून मी ५ हजार बाजूला टाकतो, निम्मे सुकन्या समृद्धीत (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) आणि निम्मे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होणारा म्युच्युअल फंड). सरासरी १० टक्के सुटले तर ती अठराची होईपर्यंत ३० लाख होतात, त्यात माझ्या खिशातले १० लाख ८० हजार. हेच मी ती दहा वर्षांची झाल्यावर सुरू केलं असतं तर तेवढ्याच रकमेसाठी महिन्याला साडेवीस हजार लागले असते.

माझं मत स्पष्ट आहे. नियमित पगार असूनही ज्या बापाने काही साठवलं नाही, त्याने आपलं काम पोराच्या गळ्यात बांधलं. बोला.

उलटतपासणी

बोलतो. १० टक्के तुला कुणी लिहून दिलेत? सुकन्या २०१५ साली सुरू झाली तेव्हा ९.१ होती, २०२० मध्ये ७.६ वर आली, आता ८.२ आहे. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवतं. म्हणजे उरलेला अर्धा भाग फंडाने ओढून न्यायचा, आणि तोही तुझी मुलगी बारावीला असेल नेमक्या त्या वर्षी बाजार पडणार नाही या भरवशावर.

दुसरं म्हणजे, सुकन्येत पैसे १५ वर्षंच भरता येतात, अठरा नाही. खातं पिकतं उघडल्यापासून २१ वर्षांनी. शिक्षणासाठी मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिलकीच्या निम्मेच काढता येतात, आणि तेही फीची पावती किंवा प्रवेशाचा कागद दाखवून. म्हणजे पहिल्या वर्षाची फी भरायला तुझे निम्म्यातले निम्मे कुलपातच.

तिसरं, तुझी मुलगी आज तीनची आहे, १५ वर्षांनंतरचे ३० लाख म्हणजे आजचे ३० लाख नव्हेत. फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तरी ते आजच्या साडेनऊ लाखांइतके भरतात. आयआयटीची फी २०१६ साली एका फटक्यात ९० हजारांवरून २ लाख झाली होती. तेव्हा कुणाच्या एक्सेल शीटने आधी सांगितलं होतं?

हिशेबनीस

कुलपाचा मुद्दा मान्य, तो मी खरंच विचारात घेतला नव्हता. पण साडेनऊ तर साडेनऊ, तेवढं कर्ज कमीच झालं ना? पगार वाढला की हप्ताही वाढवतो. आणि मुलगी पंधराची झाली की फंडातलं टप्प्याटप्प्याने काढून एफडीत टाकणार आहे, बारावीपर्यंत बाजारात ठेवणार नाही.

टेबलापलीकडून

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली नऊ कर्ज विभागात. कर्ज हा शब्द इथे शिवीसारखा वापरला जातोय म्हणून लिहितो.

हिशेबनीस, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण घरातल्यांनी हात बांधून बसायचं असं धरून केलेला आहे. शिक्षण चालू असताना नुसतं व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी ते महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतं, शेवटच्या वर्षी आठ हजारांच्या. साडेतीन लाखांचा डोंगर उभाच राहत नाही. वर असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. हे मी शेकडो पालकांना सांगितलं. ऐकलं फार थोड्यांनी.

साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमध्ये प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के मदत आहे. अर्थात वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच, आणि यादीत नाव असलेल्या कॉलेजांनाच. फेडलेल्या व्याजावर आठ वर्षं कर-वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

आता कुणी बोलत नाही ते सांगतो. कर्जाला आलेल्या पालकाला मी पहिला प्रश्न विचारायचो, "कॉलेज कोणतं? मागच्या वर्षी नोकऱ्या किती लागल्या?" उत्तर येत नसे तेव्हा फाईल बाजूला ठेवायचो, आणि बाप चिडायचा. साठवलेल्या पैशाला हा प्रश्न कोण विचारतो? हाताशी पंधरा लाख रोख आहेत म्हणून पोराला कसल्याही कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून बसवणारे मी पाहिलेत. पैसा साठलेला असला की तो खर्चायची घाई होते.

उलटतपासणी

साहेब, याच बँकांनी गल्लीबोळातल्या कॉलेजांसाठीही कर्जं वाटलीत. सगळेच तुमच्यासारखे फाईल बाजूला ठेवणारे नसतात.

टेबलापलीकडून

नसतात. टार्गेट असतं. त्यावर वाद नाही.

कोरडवाहू

तुम्ही सगळे पाच तारखेला हप्ता कापणारे. आमचा महिना दिवाळीनंतर येतो, कापूस काट्यावर चढला की. तोही भाव असला तर. एसआयपी, म्हणजे फंडातला महिन्याचा हप्ता, चालू केली होती मी दोन हजारांची, पोराने मोबाईलवर करून दिली. जून-जुलैत खात्यात पैसाच नाही, बियाणं-खतात गेला. दोन हप्ते परत गेले, बँकेने वरून दंड लावला. बंद केली.

आमच्याकडं साठवण म्हणजे शेळ्या. हसू नका. पोरीच्या अकरावीच्या वेळी दोन बोकड विकले, बारावीला तीन. शेळीला केवायसी लागत नाही आणि रात्री दहा वाजता पण गिऱ्हाईक मिळतं.

आणि सांगतो, फीचं म्हणाल तर पोरीची फी मला लागलीच नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं की मुलींची व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज वेळेत पाहिजे. कॉलेज आम्हाला म्हणालं, आधी भरा, पैसे आले की परत देऊ. मी सरकारी निर्णयाची छापील प्रत खिशात घेऊनच गेलो होतो. ती टेबलावर ठेवली, मग बोलणं बदललं.

फी सुटली पण पोरगी शहरात राहते ना. खोली, मेस, जाणं-येणं, ते प्रोजेक्टचं प्रिंटिंग. खरा खर्च तो आहे आणि तो दर महिन्याला आहे. बँकवाले साहेब, मेससाठी कर्ज मागायला गेलो तर तुमच्या टेबलावर काय म्हणतात?

टेबलापलीकडून

वसतिगृह आणि मेस शैक्षणिक कर्जात धरता येतं, नियमात आहे. कॉलेजकडून फीचं पत्रक घेताना राहण्या-जेवणाचा आकडा त्यात लिहून घ्या. नंतर तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

लिंबूटिंबू

मध्येच विचारतो, सोनं का नाही कुणी म्हणत? माझ्या बायकोचं मत सोनं.

हिशेबनीस

वहिनींना सांगा, घडणावळ वजा करून मग परतावा मोजा. आणि प्रवेशाच्या दिवशी पाटल्या विकायची वेळ आली की घरात काय होतं तेही मोजा.

भाजणीची_चकली

सगळे आकडे वाचले. आता माझं ऐका.

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी लहानपणापासून साठवलं. पोस्टात आरडी होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आरडीवाल्या काकू यायच्या, आई त्यांना चहा द्यायची, त्या जाड कापडी पिशवीतून सगळ्या वाड्याची पुस्तकं काढून त्यात आमचं शोधायच्या. आरडी मोडली की त्याची सर्टिफिकेटं, सर्टिफिकेटं पिकली की परत आरडी. ते सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात साड्यांखाली. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, "चि. बेबी – शिक्षण/लग्न".

मला एम.एस्सी.ला मुंबईत प्रवेश मिळाला तेव्हा पाकीट निघालं. दोन दिवस घरात चर्चा झाली. मग वडील म्हणाले, "हे मोडलं तर पुढच्या वर्षी काय करायचं?" पुढच्या वर्षी म्हणजे स्थळं बघायची. त्या तिरक्या रेघेत माझं एम.एस्सी. अडकलं. बचत होती, वेळेवर सुरू केलेली होती, पुरेशीही होती.

मी कर्ज काढलं. मामा सह-कर्जदार राहिला. पाच वर्षांत फेडलं, माझ्या पगारातून. पाकीट लग्नातच गेलं, मांडव आणि केटररवर. वाईट बाप नव्हते हो, त्यांच्या मनात ती रेघ म्हणजे "किंवा" नव्हतीच, "मग" होती. म्हणून हिशेबनीस, कर्ज म्हणजे पोराच्या गळ्यात धोंडा हे मला पटत नाही. माझ्या कर्जावर माझं नाव होतं. ते कुणी लग्नाकडे वळवू शकत नव्हतं.

हिशेबनीस

याला उत्तर नाही माझ्याकडे. मुलाचे पैसे मात्र कुणी लग्नासाठी राखून ठेवत नाही, हेही तुमच्याच गोष्टीत आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे शिक्षणासाठी ५२९ नावाचं खातं असतं, शिक्षणावर खर्च केलं तर वाढीवर कर नाही. इकडची मराठी मंडळी पोर पाळण्यात असताना उघडतात, कारण इथलं शैक्षणिक कर्ज दिवाळखोरी जाहीर केली तरी सहसा सुटत नाही. शेजाऱ्याचा पन्नाशीतला मित्र अजून स्वतःचं कर्ज फेडतोय आणि मुलगी आता कॉलेजात निघालीय. पण मी ५२९ मध्ये भरायच्या आधी निवृत्तीचं खातं भरतो. पोराला कर्ज मिळेल, सत्तराव्या वर्षी मला घरखर्चाला कोण देणार?

उलटतपासणी

हे वाक्य तिकडे ठीक आहे. इकडे सत्तराव्या वर्षी बापाचा खर्च पोरगाच करतो, निदान तशी अपेक्षा असते. म्हणजे बापाने स्वतःचं म्हातारपण साठवलं काय आणि पोराचं शिक्षण साठवलं काय, एकाच ताटातलं इकडून तिकडे.

एडिसनकर

म्हणूनच आधी स्वतःचं साठवा. पोराला कर्जाचा एक हप्ता पुरे, आईबापाचा दुसरा कशाला?

आगाऊ_कार्टं

इतका वेळ मोठी माणसं बोलत होती. मी तो पोरगा आहे ज्याच्या नावावर कर्ज आहे. चोविसावं संपत आलंय, हप्ता १४ हजार, पगार ३८.

हप्ता जड आहे, पण मरत नाही मी. झालं वेगळंच. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी मला एका संशोधन प्रकल्पावर थांबायला सांगितलं होतं, दोन वर्षं, विद्यावेतनावर. मला हवं होतं ते. पण कोर्स संपल्यानंतरचं मोकळं वर्ष एकच, त्यानंतर हप्ता. म्हणून कॅम्पसला आलेली पहिली कंपनी घेतली. टेस्टिंगचं काम आहे, दिवसभर बटणं दाबून बघतो. टेबलापलीकडचे काका म्हणतात कर्जामुळे माणूस कॉलेज नीट निवडतो. असेल. नोकरी मात्र निवडत नाही.

आणि बाबा रोज फोन करतात. महिन्याच्या सात तारखेला "जेवलास का" च्या आधी "हप्ता गेला का" विचारतात. सह-कर्जदार तेच आहेत, त्यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर पण येतं. त्यांचा काही दोष नाही. मी पाचवीत असताना त्यांची गिरणी बंद पडली, साठवलेलं सगळं घरात खाऊन संपलं.

भाजणीची_चकली

हे वाचून थांबले जरा. मला नोकरीच करायची होती, म्हणून मला कर्ज टोचलं नाही.

टेबलापलीकडून

बाळा, मोकळा काळ वाढवून मागता येतो कधीकधी, पुढे शिकणार असशील तर. बँकेत लेखी अर्ज कर. शाखेत नाही म्हणाले तर विभागीय कार्यालयात दे. आता फ्लोटिंग, म्हणजे वर-खाली होणारा दर असेल तर बोनस आला की मुद्दलात भर, त्याला दंड नाही.

हिशेबनीस, या मुलाच्या बाबांचं वाचलंत ना? आता तुम्हाला विचारतो. तुमचा पाच हजारांचा हप्ता १८ वर्षं जाणार, हे तुम्ही १८ वर्षं असाल आणि कमवत असाल असं धरून. टर्म विमा, म्हणजे तुम्ही गेलात तर घराला रक्कम देणारा निव्वळ विमा, आहे का?

हिशेबनीस

एक चाइल्ड प्लॅन घेतलाय, ओळखीच्या एजंटकडून. विमा ५ लाखांचा.

टेबलापलीकडून

म्हणजे नाही. आधी तो घ्या, मग आमच्याशी भांडा.

हिशेबनीस

घेतो. पहिल्या पोस्टमधलं "गळ्यात बांधलं" हे वाक्यही मागे घेतो, गिरणी बंद पडलेल्या माणसाला ते लागू नाही. साठवणं लवकरच सुरू करावं, त्यावर मात्र ठाम आहे.

भाजणीताई, तुमचं वाचून आत्ता उठून कपाट उघडलं. सुकन्येचं पासबुक ठेवलंय त्या पाकिटावर माझ्या आईच्या अक्षरात लिहिलंय, "छकुलीच्या लग्नाचे". मला माहीतही नव्हतं. पेनाने लिहिलंय, खोडता येत नाही. नवं पाकीट आणतो.

कोरडवाहू

पाकीट बदला. पण आजीला सांगून बदला, नाहीतर ती परत लिहील.