मुलीला विमानाची मेकॅनिक व्हायचंय, या लाइनमधलं कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या.

माझं पिंपळगाव बसवंतला टूव्हीलरचं गॅरेज आहे. ओझर जवळच, त्यामुळे डोक्यावरून सुखोई गेलं की गिऱ्हाईकाशी बोलणं तेवढ्यापुरतं थांबवायचं ही सवयच झालीय. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएम, ७१ टक्के. शाळा सुटली की गॅरेजवर येऊन बसायची पण मी कधी तिच्या हातात पाना दिला नाही, खरं सांगतो, पोरीचे हात काळे कशाला म्हणून. तरी बघून बघून शिकली. मागच्या दिवाळीत एक जुनी स्प्लेंडर आलेली, आयडलिंगला बंद पडायची, माझा पोऱ्या दोनदा प्लग बदलून बसला. हिने कार्बोरेटर उघडून पायलट जेट उजेडाकडे धरला आणि म्हणाली पप्पा, हा बुजलाय. बुजलेलाच होता.

आता म्हणते एएमई करायचं, म्हणजे विमान देखभालीचं इंजिनीअरिंग. एका ठिकाणी चौकशीला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या मुलींना आम्ही शक्यतो केबिन क्रू सुचवतो. येताना बसमध्ये पोरगी एवढंच बोलली, "त्यांनी मला काही विचारलंच नाही, सगळं तुम्हालाच विचारलं."

तर बीई एरोनॉटिकल करावं की हे एएमई? ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मुलींची फी माफ झालीय ती याला चालते का? आणि रात्रपाळी असते म्हणतात, तिची आजी त्यावरच अडून बसलीय (आणि मी पण थोडा).

हँगरमधली: दादा, मी मुंबईत लाइन मेंटेनन्सला (फेऱ्यांच्या मधे विमानतळावरच होणारी देखभाल) आहे, म्हणून लांबलचक लिहितेय. बीई करून विमान उडायला सोडायची सही करता येत नाही, ती लायसन्सवाल्याची, आणि लायसन्स डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय). त्यात बी-१.१ म्हणजे टर्बाइन विमानांचं इंजिन आणि बॉडी, बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तुमची पोरगी बी-१.१ वाली दिसतेय. लायसन्सच्या परीक्षेत प्रत्येक मॉड्यूलला (विषयाला) ७५ टक्के लागतात, ७४ म्हणजे नापास, मी झालेय एकदा. संस्थेला सीएआर-१४७ ची (एएमई शिकवणाऱ्या संस्थांसाठीचा डीजीसीएचा नियम) मान्यता आहे का आणि कुठल्या कॅटेगरीची, हे डीजीसीएच्या साइटवर स्वतः बघा, ब्रोशरवर जाऊ नका. कोर्स संपला की लगेच लायसन्स हातात येत नाही, चालू विमानांवरच्या कामाचा अनुभव लॉगबुकात दाखवावा लागतो, तो कुठे मिळणार हे अ‍ॅडमिशनच्या आधीच विचारा, पोरं तिथेच अडकतात. फी माफी कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेल्या प्रवेशांना आहे, एएमई कॅपमध्ये येत नाही, तेव्हा ते धरून चालू नका.

रात्रपाळी आहे. विमान दिवसभर उडतं, हात लावायला रात्रच मिळते. आमच्याकडे कंपनीची गाडी ने-आण करते. मला तर पहिल्या वर्षी रात्रीपेक्षा बॉयलर सूटने छळलं, सगळे पुरुषी मापाचे, बाह्यांना चार-चार घड्या. ताकदीचं म्हणाल तर बोल्ट किती आवळायचा ते मॅन्युअल सांगतं आणि टॉर्क रेंच मोजतो. तिला आत्ताच लॉकवायर शिकवा. दोन तारा एकमेकींवर पिळून एका बोल्टमधून दुसऱ्यात न्यायच्या, अशा दिशेने की बोल्ट सुटायला लागला तर तारच त्याला आवळायच्या बाजूला ओढेल.

ओझरकर: दुरुस्त नाही, बनवायचं असेल तर एचएएल, सरकारी विमान कारखाना, शेजारीच आहे की! आयटीआय करून तिथे अप्रेंटिसशिप, त्याला डीजीसीएचं लायसन्स लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान इथूनच उडालं.

जुना_खोड: कार्बोरेटरवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाने एकदम नाक खाली घातलं की कार्बोरेटरचा घोळ होऊन इंजिन गचके खायचं. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या इंजिनीअर बाईने पेट्रोलच्या वाटेत भोकाची एक छोटी पितळी चकती बसवून ते भागवलं. बाई नॉर्टन मोटरसायकलवर रेसिंग पण करायची.

मूळ धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रात्री तिला मोबाइल दिला, तिने दोनदा वाचलं, मग आजीला गाडीचं तेवढं वाचून दाखवलं. आजी अजून गप्प आहे. हँगरमधली ताई, शिकायला तार किती एमएमची आणू?