मदत हवी आहे: बोटीच्या तळात पाणी, भावोजींच्या डोक्यात सेन्सर

मालवणला आमची फायबरची बोट आहे, आत डिझेल इंजिन, पाण्यातला पंखा फिरवणारा दीड इंची शाफ्ट (दांडा). रात्रभर उभी असली तरी सकाळी तळात पाणी साचतं. भागीदार भावोजींनी यावर दुसरा पंप, सोलर पॅनेल आणि मोबाईलवर घंटा वाजवणारा सेन्सर ठरवलाय. वायरिंगचा नकाशाही तयार आहे, रंगीत. पाणी येतंय कुठून, एवढंच त्यात नाही.

पाणी खारट आहे, म्हणजे पावसाचं नव्हे. कूलिंगचे पाइप, क्लिपा कोरड्या. शाफ्ट बाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून मात्र इंजिन बंद असतानाही टपटप चालूच. शाफ्ट फिरताना थोडं ठिबकायला हवंच, त्यानेच ती जागा थंड राहते. पण उभ्या बोटीत नको. नट आवळला की गळती थांबते, मग इंजिन चालवल्यावर ग्लँडला हात लावता येत नाही. ग्लँडच्या आत शाफ्टभोवती भरलेली पॅकिंगची दोरी संपलीय असं वाटतं.

ट्रॉली नाही, क्रेनचा खर्च नको. उधाणाच्या भरतीला वाळूवर चढवून सुकतीत पॅकिंग बदलायला वेळ पुरेल का? की बाहेरून शाफ्टभोवती कापड गुंडाळून पाण्यातच बदललेलं चालतं? आणि दोरी किती जाडीची, हे कसं मोजायचं? भावोजी डिजिटल व्हर्नियर मागवायच्या आत सांगा.