सरकार वजा केलं तरी उरतं बरंच
सरकारी यंत्रणेवर भरवसा नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापलं बघावं, हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या समर्थकांचा मुद्दा मला अर्धाच पटला. यंत्रणेवरचा अविश्वास रास्त आहे. पण सरकार बाजूला केलं की फक्त एकटा माणूस उरतो, हे मान्य नाही.

स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावाचा १५१७ चा नियम बघा: हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडायच्या. तो मोडणाऱ्याला दंड करायचा गावचाच माणूस, आणि दंडातला निम्मा वाटा त्याचा. म्हणजे डोळेझाक करण्यात त्याचंच नुकसान! एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अशा व्यवस्थांचा अभ्यास केला, त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकमेकांवर स्वखुशीने घातलेली अशी बंधनं त्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्यात बसतात का?