जिमनीच्या छतावरील कॅरिअरवर हाय-लिफ्ट जॅक बसवण्याबाबत सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ता, रावेर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच दरवाजांची मारुती जिमनी आहे. केळीच्या बागेपर्यंतची गाडवाट आणि पाल, तोरणमाळ या बाजूंचे सातपुड्यातील कच्चे रस्ते असा तिचा दुहेरी वापर होतो. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक पार आसापर्यंत रुतले, की गाडीसोबत मिळालेला जॅक खाली सरकवायलाही जागा उरत नाही, म्हणून 48 इंची हाय-लिफ्ट जॅक (उभ्या भोकांच्या दांड्यावर हँडलने टप्प्याटप्प्याने वर चढणारा उंच जॅक) घेण्याचे ठरवले आहे. मागच्या दारावर स्टेपनी असून आतली जागा मुले आणि सामान यांनीच भरते. छतावर मात्र कडेच्या पन्हाळीला पकडून बसवलेला लोखंडी कॅरिअर आधीपासून आहे. त्यावर जॅक आडवा बसवावा की गाडीच्या लांबीच्या दिशेने, पकड कशी असावी आणि आपल्याकडच्या उन्हा-धुळीत त्याची यंत्रणा कशी जपावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर, चोपडा

भाऊ, पकडीचा विचार करण्याआधी वजनाचा हिशेब करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जिमनीच्या छतावर सुझुकीने 30 किलोची मर्यादा घातलेली आहे आणि त्या 30 किलोंत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, ही गोष्ट कॅरिअर विकणारे सहसा सांगत नाहीत. 48 इंची जॅक सुमारे 13 किलोंचा भरतो, म्हणजे कॅरिअरसाठी जेमतेम 17 किलो उरतात. आपला कॅरिअर लोखंडी असेल तर तो एकदा उतरवून धान्याच्या काट्यावर ठेवून पाहावा. उभ्या गाडीचे छत याहून पुष्कळ जास्त भार सोसते, हे खरे. परंतु खड्ड्यातून चाक आदळते तेव्हा तेच 13 किलो पन्हाळीवर कितीतरी जास्त जोराने बसतात, आणि तोरणमाळच्या घाटासारख्या वळणांवर किंवा नाल्याच्या तिरप्या उतारावर छतावरचा प्रत्येक किलो गाडीला कलण्याच्या बाजूनेच ओढतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. हा जॅक आपण लावणार कुठे? जिमनीचे दोन्ही बंपर प्लॅस्टिकचे आहेत आणि दारांखालचा पत्रा या जॅकच्या जिभेवर (भार उचलणाऱ्या पुढे आलेल्या भागावर) दबून चेपतो. बाजारात मिळणारे भक्कम पोलादी बुल बार (बंपरवरचे कठडे) लावावेत, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली त्यांवर कारवाई करण्यास सांगितलेले आहे. म्हणून चॅसीला बोल्टने बसणारे मजबूत रॉक स्लायडर (दारांखाली बसणाऱ्या जाड पोलादी नळ्या) घ्यावेत, नाहीतर जॅकच्या जिभेवर अडकवून थेट चाकाची रिम उचलणारे हुक-पट्ट्याचे जोडसाधन घ्यावे. जिमनीचे पुढचे-मागचे दोन्ही आस अखंड आहेत. बॉडी उचलू लागलो की स्प्रिंग सैल होत जातात आणि बराच वेळ चाक चिखलातच राहते. सरळ चाक उचलले तर कमी उंचीत काम होते आणि गाडीही कमी कलते. यांपैकी काहीच बसवायचे नसेल, तर माझ्या मते हा जॅक घेऊच नये.

उत्तर, धुळे (फॅब्रिकेशनचे काम)

दादांनी वजनाचे योग्यच सांगितले. मी बसवण्यापुरते लिहितो.

जॅक गाडीच्या लांबीच्या दिशेनेच बसवावा. आडवा बसवल्यास त्याची सगळी लांबी वाऱ्यासमोर येते आणि टोके बाहेर राहिली तर बाभळीच्या फांद्यांत अडकतात. शक्यतो डावी बाजू निवडावी, म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबून जॅक काढताना अंगावर वाहने येत नाहीत. जोरात ब्रेक लागला की जॅक पुढे निसटू पाहतो, आणि केवळ दाबून धरणारी पकड तेव्हा पुरत नाही. जॅकच्या दांड्याला जी भोके असतात, त्यांतून आरपार बोल्ट गेलाच पाहिजे. 10 मिलिमीटर जाडीचे, 8.8 ग्रेडचे दोन बोल्ट, मोठे वॉशर, नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) आणि खाली रबराची पट्टी एवढे साहित्य पुरेसे आहे. दोन्ही ब्रॅकेट कॅरिअरच्या आडव्या मुख्य नळ्यांवर, एकमेकांपासून शक्य तितक्या दूर घ्यावेत. जाळीच्या पातळ सळ्यांवर कधीही घेऊ नयेत. इलास्टिकच्या दोरीवर तर अजिबात विसंबू नये. हँडल मोकळे राहिले तर रात्रंदिवस खडखडते आणि शेवटी स्वतःची खीळ झिजवते, म्हणून ते रबरी पकडीने दांड्याला जखडावे.

यंत्रणेला ग्रीस लावू नये. आपल्याकडच्या धुळीत ग्रीसचा काही दिवसांत लेप होतो, दांड्याच्या भोकांत शिरून जॅक वर चढवणाऱ्या दोन खिळा आत-बाहेर सरकत नाहीत आणि जॅक नेमका गरजेच्या वेळी अडतो. कोरडे वंगण फवारावे, यंत्रणेवर ताडपत्रीची पिशवी चढवावी आणि चिखलातले काम झाल्यावर पाण्याने धुऊन मगच जॅक वर ठेवावा. कच्च्या रस्त्यावरचा पहिला प्रवास झाला की सगळ्या नटांना पुन्हा पाना लावावा.

उत्तर, शिरपूर

काळ्या मातीसाठी फळी विसरू नका. या जॅकची बैठक 4 × 7 इंचांची, म्हणजे सुमारे 180 चौरस सेंटिमीटरची असते. तिच्यावर 400 किलो भार आला तर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंहून जास्त दाब पडतो आणि भिजलेल्या मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. खाली 45 सेंटिमीटर चौरस जाड प्लायवूड ठेवले की तोच दाब अकराव्या हिश्श्यावर येतो. हँडल हातातून सुटल्यास ते जबड्यावर बसते, तेव्हा चेहरा नेहमी बाजूला ठेवावा, मुलांना लांब उभे करावे आणि या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये. चाक उचलले की खाली दगड आणि पऱ्हाट्या भरून लगेच गाडी उतरवावी.

प्रश्नकर्ता, रावेर

सर्वांचे मनापासून आभार. कॅरिअर उतरवून तोलला, तो 24 किलोंचा निघाला. जॅकसह मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा तो काढून टाकून पन्हाळीवर बसणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्याच ठेवाव्यात आणि त्यांवर फक्त जॅक आणि फळी बसवावी, असा विचार आहे. हे चालेल का?

उत्तर, चोपडा

नक्की चालेल, आणि लोखंडी कॅरिअरपेक्षा हे कितीतरी बरे आहे. मात्र पट्ट्यांवर त्यांच्या निर्मात्याने किती भार सांगितला आहे, तो छापील आकडा पाहून घ्यावा. कॅरिअर विकून जे पैसे येतील, ते आधी स्लायडरला लावावेत. जॅक त्यानंतर आणला तरी चालेल.